कॅम्परच्या गादीखालचं पाणी येतं कुठून?

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या मराठी कॅम्पिंगवाल्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. पिकअप ट्रकवर पॉप-अप कॅम्पर बसवलेला आहे. रात्री पाऊस नव्हता, छत गळत नाही. तरीही सकाळी गादीचा कोपरा उचलून पाहिला तर खालचं प्लायवूड ओलं, गादीचं पोट गार आणि चिकट. असं चार-सहा रात्री चाललं की काळे ठिपके दिसायला लागतात आणि कॅम्परचं दार उघडल्याबरोबर कुबट वास येतो.

मग सल्ले सुरू होतात. कुणी जाळीची चटई विकत घ्यायला सांगतं, कुणी प्लॅस्टिक अंथरायला, कुणी ओल शोषणारे खडे ठेवायला. यातले काही सल्ले बरे आहेत, काही उलट नुकसान करणारे. कोणता कशासाठी, हे कळायचं तर आधी ते पाणी कुठून येतं हे पाहायला हवं.

हे वाहन न पाहिलेल्यांसाठी थोडंसं वर्णन. पिकअपच्या मागच्या हौद्यात बसणारी ही एक छोटी खोली असते. प्रवासात तिचं छत खाली दाबून कड्या लावलेल्या असतात. मुक्कामाला पोचलं की छत वर उचलायचं, म्हणजे कडेच्या कापडी भिंती ताणल्या जातात आणि आत उभं राहता येतं. झोपायचा मंच ट्रकच्या केबिनच्या वर, पुढे झुकलेला असतो. बऱ्याच मॉडेलांत तो रात्री ड्रॉवरसारखा ओढून रुंद करता येतो, म्हणून गादीही दोन तुकड्यांत येते. मंच आणि केबिनचं छत यांच्यामध्ये थोडी फट असते आणि तिच्यातून रात्रभर वारा खेळतो. तुमच्या पाठीखाली चार इंच फोम, त्याखाली प्लायवूडची फळी, फार तर एखादा पत्रा किंवा फायबर ग्लास, आणि त्याखाली थेट बाहेरची थंडी. सगळी गोष्ट या रचनेत आहे.

आधी गळती नाही ना, ते पाहा

ओल दिसली की पहिला संशय गळतीवर जातो आणि तो नेहमीच चुकीचा नसतो. मंचाच्या पुढच्या कपाळावर जे छोटे दिवे असतात त्यांच्या कडांचं सीलंट वाळून तडकतं आणि पाऊस तिथून आत शिरतो. पावसात हायवेवरून वेगाने जाताना तर वारा ते पाणी अक्षरशः आत ढकलतो.

फरक ओळखणं अवघड नाही. गळतीची ओल पावसानंतर येते, एखाद्या कोपऱ्यात किंवा कडेला असते आणि लाकडावर तपकिरी डाग सोडते. आपण ज्या ओलीबद्दल बोलतोय ती कोरड्या, चांदण्यांनी भरलेल्या रात्रीही येते आणि नेमकी तुमच्या पाठीखाली, कमरेखाली असते. माणूस जिथे झोपला तिथे त्याचा आकार उमटावा, अशी.

तरी शंका राहिलीच तर वीतभर प्लॅस्टिकचा चौकोन कापून प्लायवूडवर चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का बसवा, वर नेहमीसारखी गादी घाला आणि झोपा. सकाळी प्लॅस्टिकच्या वरच्या बाजूला पाणी असेल तर ते वरून, म्हणजे तुमच्याकडून आलंय. प्लॅस्टिकच्या खाली लाकूड ओलं असेल तर सीलंटची ट्यूब आणा. तुमचा विषय वेगळा आहे.

पाणी आपलंच

झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून सतत पाण्याची वाफ सोडत असतो. घाम आलेला जाणवतही नाही तेव्हासुद्धा हे चालूच असतं. आठ तासांच्या झोपेत एका माणसाचं पाणी साधारण पाव लिटर होतं. दोघं झोपले तर अर्धा लिटर. घरात हे लक्षात येत नाही, कारण घर मोठं असतं आणि दारं-खिडक्यांच्या फटींतून हवा बदलत राहते.

कॅम्परची गोष्ट वेगळी. छत वर केलेल्या अवस्थेत आत सुमारे १२ घनमीटर हवा असते असं धरू. १५ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १३ ग्रॅमच्या आसपास वाफ राहू शकते. म्हणजे सगळ्या कॅम्परात मिळून दीडशे ग्रॅम. त्यातली निम्मी जागा संध्याकाळीच भरलेली असते. दोन माणसं तासाला साठ-सत्तर ग्रॅम वाफ सोडतात. खिडक्या घट्ट बंद करून दहाला झोपलात तर अकरा-साडेअकराला हवा भरलेली. त्यानंतर बाहेर पडणारं पाणी कुठेतरी बसणारच.

यात स्वयंपाक अजून धरलेलाच नाही. प्रोपेन जळतो तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. एक किलो प्रोपेन जाळला की एक किलो सहाशे ग्रॅमहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं, आणि हे पातेल्यातल्या वाफेव्यतिरिक्त. कॅम्परमधली एक शेगडी मोठ्या आचेवर तासभर चालली तर नुसत्या गॅसचंच पाव लिटर पाणी होतं. आपल्या लोकांचा वरण-भात कुकरच्या चार शिट्ट्यांशिवाय होत नाही, त्यांचा हिशेब वेगळा. मी तरी कुकर बाहेरच्या टेबलावर लावा असंच सांगेन.

पण मग गादीखालीच का?

फ्रिजमधलं पाणी तांब्यात ओतलं की थोड्या वेळात तांब्याला बाहेरून घाम फुटतो. तांब्या गळत नसतो. खोलीतल्या हवेतली वाफ गार धातूला टेकते आणि तिचं पाणी होतं. हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातली वाफ पाणी व्हायला लागते, त्याला दवबिंदू म्हणतात. २० अंशांची, पन्नास टक्के आर्द्रतेची हवा घेतली तर तिचा दवबिंदू ९ अंशांच्या जरासा वर येतो. त्याच हवेची आर्द्रता सत्तर टक्के झाली की तो १४ अंशांच्या वर जातो. म्हणजे हवा जितकी दमट, तितक्या कमी गारव्यातही पाणी सुटतं.

आता गादीकडे या. फोमची गादी थंडी अडवते, म्हणूनच आपण तिच्यावर झोपतो. पण अंगाची ऊब खाली जाऊ न देणं, याचाच दुसरा अर्थ खालची फळी थंड राहणं. गादी जितकी चांगली, तितकं तिचं पोट गार. हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं, म्हणून ठोकळ आकडे देतो. अंगाशी ३० अंश आणि बाहेर उणे २ अंश धरा, मध्ये दहा सेंटिमीटर फोम आणि बारा मिलिमीटर प्लायवूड. उष्णता कुठे किती अडते त्याचा हिशेब केला तर गादी आणि फळी टेकतात तिथलं तापमान शून्याच्या आसपास निघतं. तुम्ही वर उबेत घोरत असता आणि चार इंच खाली जवळपास बर्फ गोठेल इतका गारवा असतो.

फोम थंडी अडवतो, पण वाफ अडवत नाही. साधा फोम असो की मेमरी फोम, त्यातली छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात. अंगाजवळची ऊबदार, दमट हवा त्यांतून हळूहळू खाली झिरपते, थंड फळीला टेकते आणि तिथे तिचं पाणी होतं. वरून गादी झाकलेली, खालून फळी घट्ट चिकटलेली, त्यामुळे ते पाणी उडून जायलाही वाट नाही. कापडी भिंतीवरही दव पडतं, पण ते दिसतं तरी आणि फडक्याने पुसता येतं.

फळीखालून जिथे सांगाड्याची ॲल्युमिनियमची नळी जाते, तिथे ओलीची सरळ रेघ दिसते. फोर व्हील कॅम्पर्ससारख्या कंपन्या सांगाडा वेल्ड केलेल्या ॲल्युमिनियमचा करतात, कारण तो हलका असतो आणि कच्च्या रस्त्यावर जरा लवतो. पण ॲल्युमिनियममधून उष्णता प्लायवूडच्या हजार पटींहूनही जास्त सहज निसटते. म्हणून त्या रेषेवर फळी सगळ्यांत गार. अशी सरळ ओली रेघ दिसली तर गळती शोधत बसू नका.

प्लॅस्टिक अंथरलं तर?

गादीखाली प्लॅस्टिक घालू नका. पाणी वरून येतंय. ते प्लॅस्टिकवर साचेल आणि गादी थेट त्या डबक्यात बसेल. पूर्वी थोडंफार पाणी लाकडात तरी मुरत होतं, आता तेही नाही. तत्त्वाने बोलायचं तर वाफ अडवणारा थर गादीच्या वर, चादरीखाली हवा. पण त्यावर झोपलं की पाठ घामाने चिंब होते आणि कडेने वाफ खाली जातेच. लहान मुलांसाठीच्या रबरी शीटवर एक रात्र काढून पाहिली की हा नाद सुटतो.

जाळीची चटई काय करते आणि काय करत नाही

बोटींवर झोपणाऱ्यांना ही अडचण आपल्याआधी कितीतरी वर्षांपासून माहीत आहे, कारण बोटीच्या मंचाखाली थंड समुद्र असतो. त्यांच्याकडूनच हायपरव्हेंटसारख्या चटया कॅम्परवाल्यांकडे आल्या. कडक प्लॅस्टिकच्या तारांचं गुंतवळ, एका बाजूला पातळ कापड, जाडी पाऊण इंच. माणूस वर झोपला तरी ते दबत नाही, त्यामुळे गादी आणि फळी यांच्यात हवेची पोकळी राहते. जर्मनीत फ्रोली नावाच्या प्लॅस्टिकच्या स्प्रिंगांचे जोड मिळतात. लाकडी पट्ट्यांची चौकटही चालते. युरोपात काही जण गादीखाली काथ्याची चटई घालतात, आणि कोकणातल्या माणसाला ती कशी दिसते ते सांगायला नको.

पण या चटईकडून भलती अपेक्षा ठेवू नका. ती दव पडणं बंद करत नाही. तिचं काम दोनच गोष्टींचं. एक, पडलेल्या पाण्यापासून गादी उचलून धरणं. दोन, ते पाणी दिवसा वाळायला वाट देणं. त्यातलं दुसरं काम होण्यासाठी पोकळीचं तोंड उघडं हवं. बऱ्याच कॅम्परांत गादी तिन्ही भिंतींना घट्ट टेकलेली असते आणि चौथ्या बाजूला लाकडी पट्टी असते. मग चटईची पाऊण इंची पोकळी म्हणजे झाकण लावलेला डबा. गादीच्या कडा भिंतीपासून बोटभर आत घ्या. पायथ्याच्या पट्टीला शक्य असेल तर दोन-चार भोकं पाडा. असं केलं की कापडी भिंतीवरून ओघळणारं दवही गादीत न मुरता कडेने खाली जातं.

पॉप-अपमध्ये जाडीचंही गणित आहे. छत खाली आलं की गादी आणि छत यांच्यात फार जागा उरत नाही. वर पांघरुणं ठेवलेली असली तर आणखीच कमी. पाऊण इंचाची चटई बहुतेक ठिकाणी खपते. दोन इंचांच्या लाकडी पट्ट्या घातल्या तर कड्या लागणार नाहीत, किंवा लागतील आणि महामार्गावर छतावर सतत ताण राहील. मंच ओढून रुंद होणारा असेल तर चटईही दोन तुकड्यांत कापा आणि सरकणाऱ्या फळीत तिची कड अडकत नाही ना, ते घालण्याआधी रिकाम्या मंचावर पाहा.

फोमचा आणखी एक थर घातला तर?

हा प्रश्न रास्त आहे. फळी थंड आहे म्हणून पाणी पडतं, तर फळी आणि गादी यांच्यामध्ये कडक फोमची पाटी घालावी. यात वाफ आरपार जाऊ न देणारा एक्स्पीएस फोम लागतो, ज्याच्या गुलाबी पाट्या होम डेपोत मिळतात. मघाच्याच हिशेबात २५ मिलिमीटरची पाटी घातली तर गादीच्या पोटाचं तापमान शून्यावरून ७ अंशांच्या जवळ येतं. फायदा झालाच. पण अंगाजवळच्या ३० अंशांच्या, पन्नास टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू आहे १८ अंश. सात म्हणजे त्याच्या खूपच खाली. पाटीने पाणी कमी होतं, थांबत नाही. ते थांबवायला लागणारी जाडी पॉप-अपच्या छताखाली मावणारच नाही.

जागा असेल तर खाली पाटी, वर चटई, त्यावर गादी असा क्रम लावा. दोन्हींपैकी एकच मावत असेल तर मी चटई घेईन, कारण पाणी थोडं का होईना पडणारच आहे आणि ते वाळवण्याची सोय जास्त कामाची.

एवढ्या थंडीत खिडकी उघडायची?

हो. या सगळ्या लेखातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट हीच आहे, आणि लोक सगळ्यांत जास्त हिलाच विरोध करतात.

पहिला आक्षेप असा की बाहेर धुकं आहे, पाऊस आहे, म्हणजे बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली. टक्क्यांनी बघितलं तर खरंच तसं दिसतं. पण टक्के फसवतात. सिएटलच्या बाजूला, ऑलिंपिक द्वीपकल्पावर पावसाळी रात्री बाहेर ५ अंश आणि शंभर टक्के आर्द्रता असेल तर त्या एका घनमीटर हवेत वाफ असते जेमतेम ७ ग्रॅम. तीच हवा आत घेऊन १८ अंशांवर तापवली की तिची आर्द्रता पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पावसातली थंड हवाही आत येऊन तापली की कोरडी होते आणि तुमची वाफ उचलायला तयार असते.

दुसरा आक्षेप ऊब निघून जाण्याचा. तोही आकड्यांत पाहू. दोघांची तासाला सत्तर ग्रॅम वाफ बाहेर काढायची आहे, आत १५ अंश आणि साठ टक्के आर्द्रता, बाहेर शून्य अंश आहे असं धरलं तर तासाला सुमारे २३ घनमीटर हवा बदलावी लागते, म्हणजे कॅम्परभर हवा तासात दोनदा. ती तापवायला लागणारी शक्ती शंभर-सव्वाशे वॉट. रात्रभराचा खर्च शंभर ग्रॅम प्रोपेनच्या आसपास. कॅम्परच्या फर्नेसची, म्हणजे आत बसवलेल्या गॅस हीटरची, ताकद काही हजार वॉट असते, तिला हे किरकोळ आहे. ज्यांच्याकडे हीटरच नाही त्यांना मात्र थंडी जाणवेल. त्यांनी चांगली स्लीपिंग बॅग घ्यावी आणि तरीही खिडकी बोटभर उघडी ठेवावी.

उघडायचं कसं, यालाही पद्धत आहे. छतावरचा पंखा हवा बाहेर फेकण्याच्या दिशेला आणि सगळ्यांत मंद गतीवर ठेवा. हवा आत यायला खालची, पायाकडची खिडकी किंवा दाराची झडप थोडी उघडा. एकच भोक उघडं ठेवून पंखा लावला तर हवा सरकत नाही. डोक्याजवळच्या कापडी खिडकीची झिपही दोन इंच उघडी असेल तर उत्तम, कारण श्वासाची वाफ तिथेच जमते. आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायची सवय असेल तर तुमची सगळी वाफ थेट गादीत जाते. त्यापेक्षा कानटोपी घाला.

दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक मंचाजवळ लावा. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, घरातली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली आणि जमलं तर तीस ते पन्नासच्या मध्ये ठेवायला सांगते. कॅम्परमध्ये पहाटे साठच्या आत आकडा राहिला तर तुम्ही जिंकलात असं समजा.

हीटर कोणता, हे महत्त्वाचं

बडी हीटरसारखे छोटे प्रोपेन हीटर स्वस्त आणि सोयीचे असतात. पण त्यांचा धूर, म्हणजे जळून तयार झालेली सगळी वाफ, कॅम्परच्या आतच राहते. सगळ्यांत कमी आचेवर असा हीटर आठ तास चालवला तर आत लिटरभर पाणी येतं, दोन माणसांच्या दुप्पट. कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच, आणि तो ओलीपेक्षा कितीतरी गंभीर. झोपताना असा हीटर चालू ठेवू नये, आणि कॅम्परमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असायलाच हवा.

कॅम्परमधली बसवलेली फर्नेस आणि वेबास्टो किंवा एबरस्पेशरसारखे डिझेल हीटर वेगळ्या पद्धतीने चालतात. त्यांत जळणारी हवा एका बंद कप्प्यातून बाहेरच जाते आणि आत फक्त तापलेली हवा येते. म्हणूनच या उष्णतेला कॅम्परवाले कोरडी उष्णता म्हणतात.

राहता राहिले ओल शोषणारे खडे. डॅम्परिडसारख्या डब्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. ते ओल खेचतं हे खरं, पण फार सावकाश, आणि रात्रीत येणाऱ्या अर्ध्या लिटरपुढे त्याचं काही चालत नाही. महिनोन्महिने बंद असलेल्या कॅम्परमध्ये ते ठीक. बारा व्होल्टवर चालणारे छोटे डिह्युमिडिफायर थंडीत जवळजवळ काहीच पाणी काढत नाहीत, त्यांवर पैसे घालू नका.

छत खाली करण्याआधी

पॉप-अपची खरी गोम सकाळी आहे. पक्क्या भिंतींच्या कॅम्परमध्ये ओली गादी दिवसभर उघडी राहते आणि आपोआप थोडी वाळते. पॉप-अपमध्ये आपण आठला उठतो, नऊला छत खाली दाबतो, कड्या लावतो आणि पुढच्या मुक्कामाला निघतो. रात्रीचं पाणी, गादी आणि पांघरुणं एकमेकांवर दाबून दिवसभर अंधारात बंद. बुरशीला याहून चांगली सोय कुणी करून देणार नाही. ईपीएचाच नियम असा की ओली झालेली वस्तू चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळवावी, म्हणजे बहुतेक वेळा बुरशी धरत नाही. रोज मुक्काम हलवत राहिलात तर तुमची गादी हे तास कधीच पाळत नाही.

म्हणून उठल्याबरोबर पांघरुणं बाजूला काढा, गादीचा एकेक तुकडा कडेवर उभा करा, पंखा जरा जोरात लावा, आणि मग चहा टाका, तोही बाहेर. फळी आणि भिंती फडक्याने पुसा. मायक्रोफायबरचं फडकं असेल तर पिळल्यावर किती पाणी निघतं ते पाहाच. ऊन असेल तर गादीला ऊन दाखवा. युटा, ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत अर्ध्या तासात काम होतं. ओरेगनच्या किनाऱ्यावर होणार नाही. तिथे दुपारी जेवायला थांबाल तेव्हा छत पुन्हा वर करून फर्नेस वीसेक मिनिटं चालवावी लागते. कंटाळा येतो हे कबूल. पण दोन-तीन दिवसांतून एकदा तरी एकाच जागी दुसरी रात्र काढली, तर हे काम निम्मं होतं.

भिंतींना आतून लावायचं जाड अस्तर कंपन्या थंडीसाठी वेगळं विकतात. त्याने कापडावरचं दव कमी होतं आणि ऊबही टिकते, पण मंचाच्या खालच्या बाजूला त्याचा काही उपयोग नाही.

कोकणात हे सगळं उलटं

महाराष्ट्रात २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं, आणि आता तिकडचे नातेवाईकही हौसेने याच चटया मागवतात. त्यांच्यासाठी एक सावधगिरीची सूचना. वरचा हिशेब बाहेर थंडी आहे या गृहीतकावर उभा आहे. जुलैत रत्नागिरीला बाहेर २७ अंश आणि नव्वद टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत २३ ग्रॅम वाफ असते, सिएटलच्या पावसाळी रात्रीच्या तिप्पट. ती हवा आत घेऊन काही वाळणार नाही. बुरशीला पाणी साचावंच लागतं असंही नाही. पृष्ठभागाजवळची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली तरी तिला पुरतं. म्हणूनच पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी येते.

तिथे खिडक्या बंद करून एसी किंवा डिह्युमिडिफायर लावावा लागतो. आणि अर्धवट काही करू नये. रात्रभर एसीने गादी २२ अंशांवर आणली आणि सकाळी दारं सताड उघडली, तर बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंश असल्यामुळे पाणी गादीवर वरूनच बसेल. उन्हाळ्यात फ्लोरिडा किंवा लुइझियानाच्या किनाऱ्यावर जाणाऱ्यांनाही हेच लागू. जाळीची चटई मात्र दोन्हीकडे कामाची, वारा खेळायला जागा सगळीकडेच लागते.

बुरशी धरलीच असेल तर

प्लायवूडवरचे काळे ठिपके साबणाच्या पाण्याने घासून काढता येतात. तोंडाला एन-९५ मास्क लावा, दार-खिडक्या उघड्या ठेवा आणि नंतर लाकूड पूर्ण वाळू द्या, त्याला एक-दोन दिवस लागले तरी चालतील. अशा कामात नेहमी ब्लीच वापरावं असं ईपीए सांगत नाही. लाकूड बोटाने दाबलं की मऊ लागत असेल तर ते कुजलंय, घासून उपयोग नाही, तेवढा तुकडा बदलावा लागेल.

गादीचं कव्हर धुता येतं. फोमच्या आत बुरशी गेली असेल तर ती निघत नाही, फोम बदलावाच लागतो. नवा फोम कापून घ्यायला जाल तेव्हा छत खाली करून आतली मोकळी उंची आधी मोजा. त्यातून चटईचा पाऊण इंच आणि पांघरुणांची जाडी वजा करा, आणि उरेल तेवढ्याच जाडीचा फोम सांगा. लांबी-रुंदीही प्रत्येक बाजूने बोटभर कमीच घ्या.